वीस मायक्रोग्रॅमसाठी पाच महिने

१० जून २०२४ ला मी पहिलं कोटेशन मागवलं आणि ४ नोव्हेंबरला माल आमच्या फ्रीझरमध्ये पोचला. मधे पावसाळा सरला, गणपती येऊन गेले, दिवाळीही झाली. माल म्हणजे प्रयोगासाठी विकत घेतलेलं एक प्रोटीन, वजन वीस मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक कण घ्या, तोसुद्धा याच्यापेक्षा जड भरेल.

हे लिहायचं कारण एवढंच की जूनमध्ये मला असं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. बेंगळुरू-पुण्याच्या मोठ्या संस्थांत खरेदीचा वेगळा विभाग असतो. आमच्यासारख्या बेळगावातल्या खासगी कॉलेजात पीएच.डी. करणारा विद्यार्थीच फाइल काखेत मारून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. माझी शाळा शहापुरात, मराठी माध्यमातली. ऑफिसचं कानडी मला समजतं, बोलताना मात्र गडबडते. तेही या पाच महिन्यांत बरंच सुधारलं.

आधी वस्तू काय ते सांगते. मला मानवी ईजीआर-१ या प्रोटीनचा डीएनएला चिकटणारा भाग हवा होता, रिकॉम्बिनंट, म्हणजे माणसाचं जनुक बाहेर, बहुधा जिवाणूत, घालून त्याच्याकडून बनवून घेतलेला. हे ‘झिंक फिंगर’ जातीचं प्रोटीन आहे. साधारण तीस अमिनो आम्लांचा तुकडा, त्यातली दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक आयन धरून ठेवतात, आणि त्या आयनाभोवती साखळी दुमडून बोटासारखी उभी राहते. ईजीआर-१ ला अशी तीन बोटं असतात. प्रत्येक बोट डीएनएची साधारण तीन अक्षरं चाचपतं, म्हणून तिन्ही मिळून नऊ अक्षरांचा एक ठराविक शब्द ओळखतात: जीसीजीटीजीजीजीसीजी. हे बोटांनी चाचपणं स्फटिकाच्या चित्रात पहिल्यांदा दिसलं ते १९९१ मध्ये, उंदराच्या याच प्रोटीनात.

बाबांनी तीस वर्षं उद्यमबागेत फाउंड्रीत काढली. जस्त म्हटल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला. “पत्र्याला गंज चढू नये म्हणून मुलामा देतात तेच जस्त?” म्हटलं, तेच. “मग त्याला अमेरिकेतनं कशाला मागवालायस, हितं ढिगानं मिळतंय की.” बोटातलं जस्त निघून गेलं तर बोट राहत नाही, नुसती सुतळी राहते, हे मी त्यांना त्या दिवशी मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं. पाच महिन्यांनी हे वाक्य माझ्याच अंगावर आलं, ते पुढे येईल.

आपणच का नाही बनवलं, असं कुणीही विचारेल. शुद्धीकरणाची यंत्रणा आमच्याकडे अर्धवट आहे. माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक सर म्हणाले, पहिला नमुना विकत घे, तो चालतो हे बघ, मग स्वतः बनवायच्या मागे लाग. सल्ला बरोबर होता. घरी बनवलेलं प्रोटीन चिकटलं नाही तर प्रोटीन वाईट की प्रयोग वाईट, हे कळायला काहीच मार्ग नसतो.

जूनभर कोटेशनं गोळा केली. एकाच नावाचं प्रोटीन कुणी ई. कोलाय जिवाणूत बनवतं, कुणी गव्हाच्या अंकुराच्या अर्कात, कुणी मानवी पेशींत, आणि किमतीत दुपटी-तिपटीचा फरक असतो. नुसतं नाव पाहून ऑर्डर देऊ नका. कुठला तुकडा आहे (कितव्या अमिनो आम्लापासून कितव्यापर्यंत), शुद्धीकरणाच्या सोयीसाठी शेपूट कुठलं लावलंय, कुठल्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) आहे आणि डीएनएला चिकटतं हे कंपनीने तपासलंय की फक्त जेलवर (विजेने रेणू पळवून वेगळे करायच्या जेलीवर) पट्टी दाखवलीय, हे चार प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तरं जपून ठेवा. एका कंपनीकडे तुकडा होता, पण त्यात तीनपैकी दोनच बोटं होती. कॅटलॉगवर नाव तेच, फोटोही झकास.

शेवटी ई. कोलायमधला, हिस्टिडीनची शेपटी लावलेला, तिन्ही बोटं असलेला तुकडा ठरला. वीस मायक्रोग्रॅमचे ३८,५०० रुपये. कोरडा बर्फ आणि वाहतूक ९,५००. वर १८ टक्के जीएसटी ८,६४०. एकूण ५६,६४०. आमच्या छोट्या प्रकल्पाच्या वर्षाच्या केमिकल्सच्या रकमेतला जवळजवळ अर्धा वाटा एका नळीत.

फाइल पहिल्यांदा अडली ती जीएसटीवर. हिशेब विभागातल्या गृहस्थांना पक्कं आठवत होतं की संशोधनाच्या मालावर पाचच टक्के लागतात. त्यांचं चुकत नव्हतं, फक्त जुनं झालं होतं. काही संशोधन संस्थांना मिळणारी ती सवलत १८ जुलै २०२२ पासून काढून घेतली आहे. अधिसूचनेची प्रिंट काढून नेली तरी “नाळी बर्री”, उद्या या. तसे तीन उद्या झाले.

तेवढ्यात २३ जुलैला अर्थसंकल्प आला. प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं सीमाशुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के. ही रसायनं आहेत असं सांगून इथेनॉल आणणाऱ्यांना चाप लावायचा म्हणे. त्या आठवड्यात आमच्या बेंगळुरूच्या वितरकाने सगळी जुनी कोटेशनं रद्द केल्याचं कळवलं. मी मेसवर जेवताना हिशेब मांडला आणि आमटीतला घास तसाच राहिला. थोड्याच दिवसांत सरकारने पाऊल मागे घेतलं. वापरणाऱ्याने स्वतःच्या वापरासाठीच आणल्याची हमी दिली तर पुन्हा १० टक्के. आमचं प्रोटीन तर शेवटी वेगळ्याच शीर्षकाखाली बसलं, म्हणजे ती झोप फुकट गेली. पण वितरकाने तेव्हापासून हमीपत्र मागायला सुरुवात केली ती केलीच: माल फक्त संशोधनासाठी, विकणार नाही, माणसांवर किंवा जनावरांवर वापरणार नाही. कोर्टाच्या आवारात ई-स्टॅम्प शंभराचा आणि नोटरीचे दीडशे. हे पत्र कोटेशन मागतानाच करून ठेवा, तेवढेच पंधरा दिवस वाचतात.

दुसरी अडचण ‘रिकॉम्बिनंट’ या शब्दाने आणली. खरेदी समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, जैवसुरक्षा समितीची परवानगी कुठाय? प्रश्न रास्त होता. १९८९ च्या नियमांप्रमाणे जनुक बदललेल्या सजीवांवर काम करायचं तर संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. पण शुद्ध केलेलं प्रोटीन सजीव नाही, त्याच्यात वाढणारं काही नसतं. हे मी तोंडी सांगितलं, कुणी ऐकलं नाही. सरांनी अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं, समितीच्या सचिवांनी ‘माहितीसाठी सादर’ असा शेरा मारून सही केली, आणि त्या सहीला तीन आठवडे लागले, कारण सचिव परीक्षेच्या कामावर होते. तुम्ही प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं छोटं वर्तुळ) आणून स्वतः ई. कोलायमध्ये प्रोटीन बनवणार असाल तर मात्र समितीला आधी कळवावंच लागतं. ते टाळू नका.

खरेदी समितीची मिटिंग ६ सप्टेंबरला ठरली होती. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. बेळगावात वाढलेल्या मुलीला त्या दिवशी मिटिंग होणार नाही हे कळायला हवं होतं. पुढची तारीख मिळाली २० सप्टेंबर, विसर्जनाची मिरवणूक संपून लोकांची झोप पुरी झाल्यावर. तीन कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता लागतो, पण तिन्ही बोटांचा तुकडा एकाच कंपनीकडे होता. अशा वेळी ‘हा माल याच उत्पादकाकडे मिळतो’ असं प्रमाणपत्र विभागप्रमुखांच्या सहीने जोडतात. मी सोबत त्या दोन बोटांच्या तुकड्याची माहितीही जोडली आणि बाजूला पेनाने तीन बोटांचा हात काढला. समितीच्या अध्यक्षांनी तो हात पाहिला, स्वतःची तीन बोटं वर केली आणि सही केली. पाच महिन्यांतलं सगळ्यात पटकन झालेलं काम ते हेच.

२४ सप्टेंबरला ऑर्डर गेली. वितरकाला निम्मे पैसे आगाऊ हवे होते, कॉलेज आगाऊ देत नाही. सरांच्या जुन्या बिलांच्या पुण्याईवर तीस दिवसांच्या उधारीने जमलं.

माल बेंगळुरूला कस्टममधून सुटला तो २५ ऑक्टोबरला, शुक्रवारी. आता त्या वर्षीचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा. ३१ ला नरक चतुर्दशी, १ ला कर्नाटक राज्योत्सव, २ ला पाडवा, ३ ला रविवार. सलग चार सुट्ट्या. आणि १ नोव्हेंबरला बेळगावात नुसती सुट्टी नसते. एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी मंडळींचा काळा दिन, रस्त्यांवर बॅरिकेड्स. मी वितरकाला फोन करून आणि ईमेल करून बजावलं, तुमच्याच फ्रीझरमध्ये ठेवा, चार तारखेनंतर पाठवा. तिकडून “हो हो मॅडम” आलं आणि २९ ला ट्रॅकिंगचा मेसेजही आला. पाठवून मोकळे.

३० ला संध्याकाळी ट्रॅकिंगवर लिहून आलं, ग्राहक जागेवर नाही. मी सकाळी नऊपासून कॉलेजच्या गेटवर खुर्ची टाकून बसले होते. वॉचमन साक्षीला आहे.

कोरडा बर्फ वितळत नाही, उडून जातो. पाच किलो बर्फ चांगल्या थर्माकोलच्या खोक्यात दोन-तीन दिवस तग धरतो. २९ ला बेंगळुरूहून निघालेलं खोकं ४ तारखेला मिळालं असतं तर आत ५६,६४० रुपयांचं कोमट पाणी असतं. त्या रात्री आई फराळाची चकली पाडत होती आणि मी तिच्या शेजारी बसून मोबाइलवर बर्फाचा हिशेब करत होते. “एवढं काय त्यात?” म्हणाली. मला तिला ‘तीन बोटं’ एवढंच सांगता आलं.

३१ ला पहाटे अंघोळ, उटणं, कारेट फोडणं उरकून बाबांच्या स्कूटरवरून हायवेलगतच्या कुरिअरच्या गोडाउनला गेलो. अर्धं शटर खाली. आतला पोरगा म्हणाला चार तारखेला या. मी खोक्यावरचं लेबल त्याला वाचून दाखवलं: कोरडा बर्फ, यूएन १८४५, पाच किलो. त्याने संस्थेच्या लेटरहेडवर अधिकारपत्र मागितलं. कॉलेज बंद. सर धारवाडला त्यांच्या गावी होते, त्यांनी तिथून फोनवरच पत्र टाइप करून सही चिकटवून पाठवलं. ऑर्डरची प्रत आणि माझं ओळखपत्र मी आधीच पिशवीत टाकलं होतं. ही दोन कागदं माल येणार त्या आठवड्यात कायम जवळ ठेवा. साडेअकराला खोकं हातात आलं. झाकण किंचित उचलून पाहिलं. आत लिंबाएवढे चार-पाच तुकडे शिल्लक होते आणि मधोमध पिशवीत ती नळी.

खोकं मिळालं, आता ठेवायचं कुठे? आमच्या उणे ऐंशीच्या खोलीची किल्ली स्टोअरच्या मामांकडे आणि मामा दिवाळीला नंदगडला. बाबांच्या ओळखीचा एकजण टिळकवाडीत आइस्क्रीमचा होलसेल धंदा करतो. त्याच्या डीप फ्रीझरचा काटा उणे वीसवर होता. नळीतल्या बफरमध्ये ग्लिसरॉल होतं आणि कंपनीच्या कागदावर थोड्या दिवसांसाठी उणे वीस चालेल असं लिहिलेलं होतं, म्हणून धीर केला. फॅमिली पॅकच्या चळतीमागे ती नळी डब्यात ठेवली. त्या गृहस्थांनी स्वतःच मार्करने डब्यावर तीन भाषांत लिहिलं, हात लावू नये. हेस्कॉमची लाइट गेली तर? विचारलं. ते हसले. दिवाळीत आइस्क्रीम वितळू देईन का? त्यांचा जनरेटर आमच्या कॉलेजच्या जनरेटरपेक्षा भरवशाचा निघाला. चार दिवस मी रोज एकदा फोन करायची. तिसऱ्या दिवशी त्यांनीच आधी फोन केला, “आहे हो तुमचं बोट.” निघताना कुंद्याचा डबा दिला तर घेतला नाही. मग आईने चकल्या पाठवल्या, त्या मात्र घेतल्या.

(कोरड्या बर्फाचं खोकं रिक्षात किंवा गाडीत काचा बंद करून नेऊ नका आणि घट्ट टेपही मारू नका. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटत असतो.)

४ नोव्हेंबर, सोमवार. कॉलेजचा नियम असा की स्टोअरच्या रजिस्टरात नोंद झाल्याशिवाय माल वापरता येत नाही, आणि मामांचा नियम असा की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंद नाही. प्रोटीन वितळवून पुन्हा गोठवणं वारंवार केलं तर ते खराब होतं, म्हणून एकदाच वितळवून लगेच छोट्या हिश्श्यांत वाटायचं असतं. मग मामांनाच रजिस्टरसकट लॅबमध्ये बोलावलं. त्यांनी नळी ट्यूबलाइटसमोर धरली. डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली.

“इदराग एनू इल्लरी.” यात काहीच नाही.

खरंच दिसत नव्हतं. चाळीस मायक्रोलिटर द्रव, तोही प्रवासात झाकणाच्या आत चिकटलेला. नवख्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट हीच: उघडण्याआधी नळी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा, नाहीतर झाकण उघडताच माल झाकणाबरोबर जाईल. फिरवली. तळाशी तांदळाच्या दाण्यासारखा थेंब जमला. मामांनी चष्मा वर केला, लिहिलं: “१ नग.” मग मी तो थेंब बर्फावर पाच-पाच मायक्रोलिटरच्या आठ नळ्यांत वाटला. मामा पेन धरून उभेच. बिलात एक, समोर आठ. “आठ नग लिहू काय?” वीस मिनिटं चर्चा झाली. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात “१ नग, ८ ठिकाणी ठेवला” असं बसवलं.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते. प्रयोग सरळ होता. ते नऊ अक्षरांचं डीएनए आणि प्रोटीन एकत्र करून जेलवर पळवायचं. प्रोटीन चिकटलं तर डीएनए जड होऊन मागे राहतं, पट्टी वर दिसते. ७ तारखेला पहिली नळी वापरली, पट्टी खालीच. ११ ला दुसरी, खालीच. एका नळीचे सात हजार, दोन नळ्यांचे चौदा हजार असे आकडे डोक्यात फिरायला लागले. वाटलं आइस्क्रीमवाल्याकडे काहीतरी झालं असणार, आणि वितरकाला खरमरीत ईमेलही लिहून ठेवला. नशीब, पाठवला नाही.

१४ ला रात्री बफरची कृती पुन्हा वाचत बसले. आमच्या लॅबच्या जुन्या वहीतली कृती, तिच्यात एक मिलिमोलर ईडीटीए. डीएनए ज्यात विरघळवलं त्यातही ईडीटीए. जेलच्या बफरमध्येही. ईडीटीए धातूंचे आयन पकडून ठेवतं, त्याचं कामच ते. मी तीन-तीन ठिकाणांहून प्रोटीनच्या बोटांतलं जस्त काढून घेत होते आणि सुतळीकडे चिकटायची अपेक्षा करत होते. बाबांना काय सांगितलं होतं मी जूनमध्ये?

थोडं बरं वाटलं ते एका जुन्या गोष्टीने. १९८५ मध्ये केंब्रिजमध्ये अ‍ॅरन क्लूग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकन बेडकाच्या अपक्व अंड्यांतल्या एका प्रोटीनमध्ये ही जस्ताची बोटं पहिल्यांदा ओळखली, आणि त्यांच्याकडेही सुरुवातीला बफरमधल्या रसायनानेच जस्त निसटत होतं.

मग सगळं नव्याने केलं. डीएनए साध्या ट्रिस बफरमध्ये, जेल ट्रिस-ग्लायसिनवर, आणि बांधणीच्या बफरमध्ये किंचित झिंक क्लोराइड. त्यातही एकदा फॉस्फेट बफर वापरला आणि नळीत दह्याच्या निवळीसारखा गढूळपणा आला, कारण जस्त आणि फॉस्फेट मिळून साका बसतो. ट्रिस वापरा, नाहीतर हेपीस. प्रोटीन मात्र त्या नळीत अजून घातलं नव्हतं, एवढं शहाणपण तोवर आलं होतं.

१८ नोव्हेंबरला दुपारी तिसऱ्या नळीने पट्टी वर सरकली. पाचव्या रांगेत मी मुद्दाम ईडीटीए टाकलं होतं, तिथे पट्टी पुन्हा खाली. दोन वाया गेलेल्या नळ्या अशा तऱ्हेने प्रबंधात एक आकृती होऊन बसल्या. फोटो बाबांना दाखवला. “म्हणजे मुलामा निघाला की पत्रा वाया,” म्हणाले. हो, तसंच काहीतरी.

मार्चमध्ये आठवी नळी संपली. ऑडिटसाठी मामांना वापर संपल्याची नोंद हवी होती, आणि नोंदीसाठी रिकामा नग. मूळ नळी मी जपून ठेवली होती, ती नेऊन दिली. त्यांनी ती पुन्हा ट्यूबलाइटसमोर धरली.

“तेव्हा पण अशीच होती की ओ मॅडम,” म्हणाले, आणि सही केली.